वॉरंटी तुझ्या नावावर आहे

ता. ८ नोव्हेंबर

चि. सौ. ठकीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजी नसावी.

पत्राचं कारण कॉम्प्युटर. परवा फोनवर मी काहीच नीट सांगितलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एका दवाखान्याच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याचं ड्रॉइंग करत होतो. आग लागली तर पेशंट खाली उतरवायचा जिना, त्यामुळे काम घाईचं. फॅब्रिकेटर लोखंड आणून बसलेला. शेवटच्या वळणाची मापं टाकत होतो आणि स्क्रीन काळी झाली. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण चित्राचा पत्ता नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने मेमरी काढून पुसली, दुसरा पॉवर सप्लाय जोडून पाहिला आणि मान हलवली. मदरबोर्ड गेला. म्हणाला, बोर्डाला मी हात लावला तर वॉरंटी जाईल, आधी कंपनीला विचारा.

विचारलं. फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती. मशीनचा नंबर जुळला, मुदतही शिल्लक निघाली. मग म्हणाली, ओटीपी पाठवलाय, सांगा. मी आपला फोनकडे बघत बसलो. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की कॉम्प्युटर तू घेऊन दिलास आणि नोंदणीही तुझ्याच नंबरवर केलीस. मी तिला म्हटलं, मशीन माझ्या टेबलावर आहे, काम मी करतो.

"बरोबर आहे सर," ती म्हणाली, "पण वॉरंटी तुमच्या मुलीच्या नावावर आहे."

तिला तसंच थांबवून आईला म्हटलं, तू लाव फोन. तिने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "कॉम्प्युटर तुमचा, मुलगी तुमची. तुम्हीच बोला."

पुढचं तुला ठाऊक आहे. तू आकडे सांगितलेस, मला नीट ऐकू आले नसतील म्हणून सावकाश पुन्हा सांगितलेस. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

नंतर कंपनीचा माणूस आला, बोर्ड बदलून गेला. हार्ड डिस्कला काही झालं नव्हतं. जिना जसाच्या तसा उघडला, तेव्हा फॅब्रिकेटरचा जीव भांड्यात पडला. जाताना त्या माणसाने विचारलं, नोंदणीत तुमचा नंबर टाकू का, पुढच्या वेळी मुलीला त्रास नको. मी म्हटलं, राहू दे तिचाच.

कॉम्प्युटरचं एवढंच.

फोनवरचं एक वाक्य मी वर गाळलं. आईचा नंबर बघून तू तिच्याशीच बोलतेयस अशा समजुतीत म्हणालीस, "हळू बोल गं, आत्ताच झोपलाय." मी हळू बोललो. फक्त ओटीपी मागितला.

आईला मी लगेच विचारलं नाही. जेवताना विचारलं, कोण झोपलाय? तिने भाजी वाढता वाढता सांगितलं, "कान अगदी तुमच्यावर गेलेत." म्हणजे ती बघून आली आहे. मावशीकडे म्हणून जात होती ती कुठे जात होती, ते तेव्हा कळलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी आणखी एक पोळी मागून घेतली.

या घरात पाऊल टाकू नकोस, असं मी म्हटलं होतं आणि तू तो शब्द पाळलास. इतकं ऐकायची तुझी सवय नव्हती. आता तू यावंस असं कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणून मीच यायचं म्हणतो. आईबरोबर, रविवारी. तुमच्या दोघांची हरकत नसेल तरच. तसं आईला नको, मला कळव. माझा नंबर तोच आहे.

त्याचं नाव काय ठेवलंत, ते आईला ठाऊक असणार. तिला मुद्दाम विचारलेलं नाही. ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

त्याला आशीर्वाद. आणि जावईबापूंना माझा नमस्कार सांग. तो लग्नापासून राहिलेला आहे.

तुझे,
बाबा