आधी त्याला फोन दे

प्रिय मावशी,

मायदेशी परतायचं म्हणून सामान बांधायला काढलं आणि तुझी आठवण झाली. कंपनीच्या कागदांवर तू म्हणजे परदेशी पाठवलेल्या माणसांची व्यवस्थापक. आम्हा सगळ्यांची मात्र मावशीच.

कारखाना छान चाललाय. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. मीटिंगमध्ये सगळे माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी यंत्र जिथल्या तिथे. मी त्यांना कामचुकार समजत होते. इथे चारचौघांत वरिष्ठाला 'नाही' म्हणत नाहीत, एकेकाला यंत्रापाशी गाठून विचार, हे तूच सांगितलंस. विचारलं, तर फोरमनने अडचणींचा पाढाच वाचला! तेव्हापासून आमची गट्टी. काल निरोप देताना त्याचे डोळे भरून आले, आणि मी त्याच्या भाषेत काहीतरी भलतंच बोलून सगळ्यांना हसवलं.

पण लिहायचंय ते नवऱ्याबद्दल. शाळेतली नोकरी सोडून तो माझ्यामागे आला. दिवसभर चौथ्या मजल्यावर एकटा. पाट्या वाचता येत नाहीत, जिन्यात शेजारी भेटले तर हसण्यापलीकडे बोलणं नाही. मी थकून यायचे आणि माझंच रडगाणं गायचे. तो ताट वाढता वाढता ऐकायचा.

तुझा फोन आला की मी कामाचं सांगायला लागायचे आणि तू मध्येच तोडायचीस, "ते राहू दे, आधी त्याला फोन दे." मला वाटायचं, मावशीला गप्पांची हौस. मग तू कुणाकुणाला विचारून कोपऱ्यावरच्या वाचनालयात त्याची ओळख करून दिलीस आणि तो तिथे मुलांना गणित शिकवू लागला. मुलांनी त्याला भाषा शिकवली. आता भाजीवाली मला 'मास्तरांची बायको' म्हणून ओळखते.

आज स्वेटरांच्या घड्या घालताना तो सहज बोलून गेला, की पहिल्या हिवाळ्यात त्याने परतीचं तिकीट काढलं होतं. एकट्याचं. पुन्हा माझ्याकडे न येण्यासाठी. हे त्याने फक्त तुला सांगितलं होतं. तू त्याला थांब म्हणाली नाहीस, एवढंच विचारलंस, "रोज सकाळी उठून तुला कुठे जावंसं वाटतं?" तो म्हणाला, शाळेत. पुढच्याच आठवड्यात वाचनालयातून बोलावणं आलं आणि त्याने तिकीट रद्द केलं. मला तू एका शब्दाने कळू दिलं नाहीस. कळलं असतं, तर मी काम टाकून त्याच्यामागे धावले असते, आणि पुढे जन्मभर ते एकमेकांना ऐकवत बसलो असतो. मी घडी तशीच मांडीवर घेऊन बसले. तोच म्हणाला, मावशीला आत्ताच लिही. आता तो शेजारच्या खोलीत शीळ घालत खोकी बांधतोय. दोघांचं सामान एकत्रच भरलंय, मावशी.

तुझीच,
मास्तरांची बायको