वीस-पन्नासचं जाड तेल

बुधवार, १७ डिसेंबर. संध्याकाळ, मल्लेश्वरम

पहाटे सुधाला धाप लागली. तिला गाडीत बसवून किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच कण्हणं. घाबरलो की शाळेतली कविता ओठांवर येते, तशी आली. सुधा म्हणाली, "कविता नंतर म्हणा हो. आधी गाडी काढा." पाचव्या खेपेला सुरू झाली. दुपारी तिला हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुन्हा धाप लागली तर क्षणभर थांबू नका.

मग मेकॅनिक मंजण्णाला बोलावलं. इंजिनातलं तेल मोजायची काडी पुसत म्हणाला, "सर, ट्वेंटी-डब्ल्यू-फिफ्टी? डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो मोठा, म्हणजे सकाळी तेल घट्ट. ह्या गाडीला फाइव्ह-डब्ल्यू पाहिजे. बॅटरी पण स्वल्प वीक. कोणी घातलं हे?"

जुन्या गाडीला तीस वर्षं हेच घालत होतो. त्या गाडीच्या आठवणीपायी ह्या गाडीतही मीच हट्टानं घालायला लावलं.

ते कण्हणं कानातून जात नाही. इंजिनाचं होतं की सुधाचं, आता सांगता येत नाही. मंजण्णा उद्या दहाला पातळ तेल घेऊन येणार आहे. त्याआधी एक पहाट आहे.