घड्याळाला अक्कल शिकवणारा

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, फक्त डोकं फिरलंय.

तुम्ही दिलेल्या घड्याळाचा पट्टा तुटला, म्हणून एका घड्याळजीकडे गेले. एकटाच माणूस, स्वतःच्या डोक्यातली घड्याळं बनवतो. एकात काटा जागचा हलत नाही, तबकडीच फिरते. दुसऱ्यात काटेच नाहीत, एक पितळी मुंगी कडेकडेने चालते. "मग वेळ कशी कळायची?" विचारलं, तर म्हणे, "वेळ काय, फोनवरही कळते!" कपाळ माझं! पण खरं सांगते, मुंगीवरून नजर हटेना.

तेवढ्यात त्याने पट्टा बसवला आणि वर शहाणपणा केला. "केवढं चुकलेलं होतं! बरोबर लावून दिलं." विचारायचं तरी! अशी भांडले की बिचारा बाकीची घड्याळं दाखवायची विसरला.

मी इथे परदेशात रमलेय, काळजी नको. पण ते घड्याळ मी घरच्या वेळेवरच ठेवलं होतं. तिकडची वेळ फोनवर मिळेल हो. पण उशीर नको म्हणून तुम्ही मुद्दाम पुढे लावलेली आपल्या घरातली वेळ कुठून आणू?

आईचा गुडघा कसा आहे? आणि भिंतीवरचं घड्याळ सध्या किती पुढे आहे, तेवढं कळवा.

तुमची, अजून कुठेही उशिरा न पोचलेली,
धाकटी