शेवटची डबी

प्रिय ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच पोचला असं समज). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं घोरणं अजून शेजारच्यांना पुरतं ना?

तू विचारतेस, मी दिवसभर करतो तरी काय. ऐक. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत सगळ्या याद्याच. यादीत यादी, तिच्या पोटात आणखी एक, थेट तुझ्या कपाटासारखं. आत किती थर आहेत हे सांगणारी ओळ मला लिहायची होती. सुटा आकडा म्हणजे शून्य थर, आकड्यांची यादी म्हणजे एक, तशा याद्यांची यादी म्हणजे दोन. डाव्या हाताचा मळ! मी मिशीला पीळ देत साहेबांना (बाई आहेत, पण साहेबच म्हणायचं) ओळ दाखवायला गेलो आणि नेमकं तेव्हाच तुझं पार्सल ऑफिसात आलं. साहेब म्हणाल्या, "चालवा ह्याच्यावरच." खोक्यात पिशवी, पिशवीत डबा, डब्यात डबी (तुझा तो पोस्टाचा धसका!). डबी कानाशी हलवली, आवाज नाही. यादीत तिच्यापुढे "रिकामी" असं लिहून टाकलं. उत्तर आलं उणे, आणि पुढे इतके आकडे की स्क्रीन पुरेना. "खोकं मोजताय की पाताळ?" साहेब म्हणाल्या. अगं, माझी ओळ प्रत्येक यादीला विचारायची, तुझ्या आत सगळ्यांत खोल कोण, आणि त्यात एक मिळवायची. आत कुणीच नसेल तर मशीन आपल्याजवळचा सगळ्यांत लहान आकडा पुढे करतं, हे मी साफ विसरलो होतो. आता शिकलो. रिकामी असली तरी डबीचा एक थर धरायचाच. एकूण चार.

आणखी एक गंमत. ह्या भाषेत सुटा आकडा यादीत न घालता नुसता कितीही खोक्यांत घाला, तो सुटाच राहतो, थर शून्य. ते वाचलं आणि माझं बिऱ्हाड आठवलं. इमारतीत मजला, मजल्यावर दार, दाराला कडी, आत मी. रविवारी दिवसभर एक शब्द बोललो नाही. सोमवारी लिफ्टमध्ये शिंकलो, तेव्हा आपल्याला आवाज आहे हे आठवलं. फार एकटं वाटतं गं. बाकी छान चाललंय.

तुझा,
अजूनही धाकटाच

ता. क. डबी रिकामी असल्याचं ऑफिसात ठोकून दिलं खरं, पण मी ती उघडलेलीच नाही. महिना झाला, उशाशी आहे. उघडली की तुझ्याकडून आलेलं सगळं संपलं.

पुन्हा ता. क. आत काय आहे ते फोनवर सांगू नकोस, मी फोन ठेवीन. तू येऊनच उघड. जास्तीची गादी आणली आहे, लिफ्टही चालू आहे. रिकामी निघाली तरी बिघडलं नाही, मी एक धरीन.