कापूस जायच्या आधी

६ मार्च, शुक्रवार
निल्यानं कापसाच्या खोलीत बीळ केलं. माझा नातू, छत्तिशीचा घोडा, आन कापसात उंदरावानी बसते. गिटार, लॅपटॉप, माईक, सगळं आत नेलं. मुंबईहून आला त्याच दिवशी म्हणे, आजी, इतकी मुकी खोली मुंबईत पैसे देऊन भेटत नाई. मुकी कायची. भाव येईन म्हणून माझ्या लेकानं, गजाननानं, दिवाळीपासून कापूस कोंबून ठेवला तठी. छताले टेकला. बोललं का कापूस गिळून घेते. मी आत जाऊन खोकलून पाह्यलं. दुसऱ्याच बाईचा खोकला वाटला.
पंखा बंद, दार बंद. पंख्याचा आवाज माईकात जाते म्हणे. आत उकडून निघत असन. निघू दे.

८ मार्च
विचारलं, गाणं कोणतं. गाणं नाई, नुसतं वाजवाचं. दहा तुकडे, त्याचा एक अल्बम.
"बोल नाई त लोकाले समजन कसं, कायचं व्हय थे?"
"नाई समजलं त नाई समजलं, आजी."
असं उत्तर याच्या आजोबाले दिलं असतं त कान लाल झाला असता.
इतकी वर्षं लोकांच्या गाण्यात वाजवलं यानं. देवाच्या, लग्नाच्या, साबणाच्या जाहिरातीच्या. टीव्हीवर लागलं का सांगे, हे मागून वाजते ते मी. नाव कुठीच नाई. आता स्टुडिओवाले बोलावत नाईत, मशीनच वाजवते. म्हणून हे स्वतःचं. सुनेले, मंदाले, बोलून बसला का हे झालं नाई त गिटार विकतो आन नांदुऱ्याले झेरॉक्सचं दुकान टाकतो. मंदा भाकर थापता थापता रडली. झेरॉक्समंदी रडण्यासारखं काय आहे. पण त्या दिवशी मलेही भाकर गेली नाई.

११ मार्च
खाज सुरू. कापूस घरात ठेवला का ऊन तापल्यावर खाज येणारच. दरसालची. मंदाच्या मानेले, माझ्या पोटऱ्याले. गजाले होत नाई, त्याची कातडी बैलाची. निल्याले बोटांच्या बेचक्यात. लाल लाल दाणे. खाजवते आन वाजवते, वाजवते आन खाजवते.
गजा दारातून म्हणे, "वायरा कापसात घालून बसला. एक ठिणगी पडली त तू, तुई गिटार आन माझा कापूस, तिघं एकाच चितेवर."
"बाबा, हळू बोला. रेकॉर्डिंग चालू हाये."
गजाचं बोलणं लॅपटॉपात गेलं. मंग निल्यानं ते पुसलं. बापाचं बोलणं पुसाची सोय आमच्या वेळी नव्हती.

१४ मार्च, शनिवार
माझ्या हातून झालं ते लिहून ठेवते. कडुलिंबाचा पाला उकळून सकाळ-संध्याकाळ त्याचे हात गंजातल्या पाण्यात बुडवून ठेवत होती. खाज उतरली. मी खूष. आज त्यानं डावा हात पुढं केला. बोटांच्या शेंड्यावरचे घट्टे भिजून भिजून सालपटावानी निघाले. त्या घट्ट्यांवरच तो तार दाबते. खालचं कातडं गुलाबी, लहान लेकराचं. तार टेकली का कापते.
आम्ही जन्मभर घट्टे जावे म्हणून तेल चोळलं. घट्टा कोणाले कामाचा असते हे मले कोण सांगन.
आधी काऊन नाई बोलला बे, म्हटलं. त म्हणे, तू एवढ्या मायेनं करत होती.
माया कायची. पाला फुकटचा होता.

१६ मार्च
नऊ तुकडे झाले, दहावा राह्यला. तोच मोठा म्हणे. बाकीचे नऊ त्याच्यासाठीच केले. आन बोटं अशी.
गजा म्हणे, कापूस पिवळा पडून राह्यला, वजन उतरून राह्यलं, आता ठेवणं मूर्खपणा. खरं आहे. निल्या म्हणे, दहाही एकाच खोलीतले पाह्यजे, कापूस गेला का भिंती बोलतीन. हेही खरं असन. पलीकडच्या खोलीत गोधड्या टांगून पाह्यल्या, त पिठाच्या डब्यात बसून वाजवल्यावानी आलं. ते मलेही समजलं.
कापूस ठेवला त हात जाते. कापूस नेला त खोली जाते. शेत माझ्या नावावर, म्हणून बाप-लेक दोघंही माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले. सातबाऱ्यावर नाव असलं का बुढीले अक्कल फुटते असं वाटते यांले. मले दळण आणाचं हाये म्हटलं आन डबा घेऊन निघाली. गिरणी बंद होती. तठीच पायरीवर बसून राह्यली. दळणाचा डबा तसाच घरी आला.

१७ मार्च
निल्याले संग्रामपूरले पाठवलं, माझ्या लेकीकडे, कुसुमकडे. तिच्या घरात कापूस नाई, भाजीपाला करतात. हात सुकन, घट्टे येतीन. गिटार मांडीवर घेऊन बसला एसटीत, नव्या नवरीवानी. खरी नवरी आणली असती त मी मेली असती आनंदानं.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. गाठी बांधली. निल्याच्या वाट्याची पुरणपोळी मीच खाल्ली, नासवाची कायले.
कुसुमचा फोन आला. हाताची लाली उतरली. आंगणात बसून वाजवते, शेजारच्या बाया मेथी निवडाले तिच्याच आंगणात येऊन बसतात. कुसुम त्याले म्हणे, अठीच करून टाक ना बाप्पा शेवटचा. त म्हणे, आत्या, तुझ्याकडचे कोंबडे माझ्यापेक्षा जोरात हायेत.

२४ मार्च
व्यापारी आला. मूठभर कापूस हातात घेऊन तोंड वाकडं केलं. ते करतातच. गजानं सौदा केला. मले विचारून केला. मी हो म्हटलं. नाई कोणत्या तोंडानं म्हणू? मंदाच्या मानेवर फोड आले, पदर लागला तरी शहारते पोरगी. सोमवारी गाडी.
निल्याले मीच फोन केला. पूर्ण आइकून घेतलं त्यानं. मंग म्हणे, "बरं."
तेवढंच. भांडला असता त मले काही बोलता आलं असतं. बरं म्हटल्यावर काय बोलावं.

२७ मार्च, शुक्रवार
आला. घट्टे आले, पण पातळ. मी दाबून पाह्यले. दुपारी बसला, गाव झोपते तवा. मी बाहेर उंबऱ्यावर. माझं काम कोणाले बोलू द्याचं नाई. शेजारच्या बुढ्यानं रेडिओ लावला होता, जाऊन बंद करून आली. विचारे, कोण मेलं व? कोणी नाई म्हटलं, तुमचा नंबर लागला का सांगते.
दहावा तुकडा हळू सुरू होते. मंग चढते. एका जागी पोचते आन थांबते. पुन्हा पह्यल्यापासून. पुन्हा तठीच थांबते. त्या जागी करंगळी लांब ताणा लागते, बेचकं फाकते, आन खाज तठीच. मले आता तुकडा पाठ झाला. त्या जागेपर्यंत.

२९ मार्च, रविवार
हात पुन्हा लाल. संग्रामपूरले वाळलं होतं ते सगळं परत आलं.
मंदानं सांगितलं, गजानं काल व्यापाऱ्याले फोन केला होता. मले न सांगता. गाडी चार दिवस पुढं ढकलता येते का म्हणून. व्यापारी म्हणे, ठरली ते ठरली, नसन द्याचा त दुसऱ्या गावात जातो. मंग गजा घरात आला, माठातलं पाणी पेला, माझ्यासमोरून निघून गेला. पाणी पेतानी पाहून मले वाटलं होतं तहान लागली.
निल्याले विचारलं, कुठवर आलं?
"तठीच, आजी."
तेल लावू का, म्हणणार होती. माझ्या औषधानं एकदा झालं तेवढं पुरे.

३० मार्च, सोमवार
उंबऱ्यावर बसून लिहून राह्यली. हाताले काही काम पाह्यजे, नाई त मीच दार ठोकीन.
निल्या सकाळपासून आत. गाडी निघाली असा फोन आला. कापूस भरणारे माणसं ओट्यावर येऊन बसले. एक जण तंबाखू मळून टाळी वाजवणार होता, मी त्याच्याकडे पाह्यलं, त्याचा हात हवेतच राह्यला. मंदा चूल विझवून बसली. बाहेर सगळे गप आन आत तो पह्यल्यापासून सुरू करून राह्यला.
मंग ध्यानात आलं. मारुतीच्या देवळापाशी मोड आहे. आंधळा मोड, तठी सगळे गाडीवाले भोंगा वाजवतात, गाव उठून बसते. कापूस तरी किती गिळन. मी गजाकडे पाह्यलं. तो उठला आन मोडाकडे पळत गेला, गाडी तठीच थांबवाले. बैल सुटला तरी न पळणारा माणूस. चप्पल अठीच पडली आहे. सडक तापली, तळपाय भाजतीन.
पोचला का नाई माहीत नाई. भोंगा अजून आला नाई.
आत चढून राह्यलं. त्या जागी आलं.
थांबला नाई.
माणसं माझ्याकडे पाहून राह्यले, मी दाराकडे. आता जे वाजून राह्यलं ते कसं आहे ते मले सांगता येत नाई. याच्या पुढचं मी कधी आइकलंच नाई.