कोरीनच्या कॅमेऱ्याला माझा वॉकर

डेटन, मंगळवार

धाकट्या बहिणीला, व्हर्नाला, इडाचा आशीर्वाद.

मी जेवते, झोपते, खुब्याचं हाड नीट बसलंय. माझ्या कोंबड्यांना मका घालतेस ना? माझा पलंग जिन्यावरून खाली आणायचं तू लिहिलंस, त्याचं उत्तर शेवटी देते.

नात कोरीन विकाऊ घरांचे फोटो काढते. तिला नवा कॅमेरा हवा होता. मी म्हटलं, "चूल तीच ठेव, तवा बदल." मग तिने जुन्याच कॅमेऱ्याला कुणाची तरी वापरलेली रुंद लेन्स घेतली. आता न्हाणीघरसुद्धा अख्खं मावतं. पण चालत व्हिडिओ काढला की घर बोटीसारखं डुलतं, आणि ते थांबवणारं यंत्र घ्यायला पैसे उरले नाहीत.

काल ती मला एका घरी सोबत घेऊन गेली, तिथे तिने माझा चाकांचा वॉकरच घेतला आणि कॅमेरा त्यावर बांधला.

"आजी, दोन मिनिटं भिंतीला धरून उभी राहा."

"आणि पडले तर?"

"तर तेही व्हिडिओत येईल."

कार्टी माझ्यावरच गेलीय.

दोनाची दहा मिनिटं झाली. भिंतीचा कंटाळा आला, म्हणून मी वॉकरच्या मागे मागे झोपायच्या खोलीपर्यंत गेले.

घरी येऊन बघतो तर व्हिडिओत, तिथल्या आरशात मी उभी. कोरीन मला पुसायला निघाली. मी म्हटलं, आधी त्याचा एक फोटो दे. तो सोबत पाठवलाय. दोन्ही हात रिकामे आहेत, नीट बघ. पाय आरशात आले नाहीत तेच बरं, लटपटत होते.

पलंग वरच राहू दे. जिन्याचा कठडा तेवढा घट्ट करून घे.

तुझी थोरली,
इडा