खूण केलेली गाठ

बिरवाडी, रविवार

प्रिय प्रियदर्शिनी,

सप्रेम जय भीम. फोनवर तू विचारतेस आणि मी टिकली बरी आहे म्हणून मोकळा होतो. ते अर्धवट आहे. गुरुवारी तिचं ऑपरेशन आहे आणि ती त्यातून निघेल का, हे आज कुणी सांगू शकत नाही. सगळं क्रमानं लिहितो, फोनवर क्रम राहत नाही.

जूनमध्ये तिच्या पोटावर, सडांच्या डाव्या ओळीत चौथ्या सडाशेजारी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. शेजारच्या ठमाबाईंनी बघून निकालच दिला, दुधाची गाठ हाय, कुत्रीला व्हतीच, हळद-चुना लाव. मी काही लावलं नाही. आयटीआयचं तोंड न बघता तीस वर्षं फिटरकी केली, ती अंदाजानं नव्हे. गाठीच्या मध्यावर मार्करनं आडवी रेघ मारली आणि दर रविवारी, टिकली उभी असताना, त्याच रेघेवर व्हर्नियर लावून गाठीची रुंदी मोजली. नऊ मिलिमीटर, मग अकरा, साडेतेरा. पुसट झाली की रेघ परत मारायचो. तुझी आई म्हणाली, आता हिचा कंपनीचा पास तेवढा काढायचा राहिलाय.

ऑगस्टअखेर बावीस भरली, तेव्हा रिक्षात घालून तिला महाडला सारिका मॅडमकडे नेलं. जनावरांच्या डॉक्टर आहेत, वयानं तुझ्याएवढ्याच. माझी वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. अशी नोंद कुणी आणत नाही म्हणाल्या. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी टिकलीला उताणं केलं आणि रेघ सोडून भलतीकडूनच सुरुवात केली. उजवी काख. तिथून जांघेपर्यंत एकेक सड चिमटीत धरून, मग डावी ओळ तशीच. दहाच्या दहा. उजव्या शेवटच्या सडापाशी त्या थांबल्या आणि माझं बोट धरून तिथं टेकवलं. पावट्याएवढी, टणक. डाव्या जांघेतली ग्रंथीही सुजलेली निघाली.

“काका, तुम्ही एकच गाठ मोजलीत,” त्या म्हणाल्या.

कामावरच्या नव्या पोरांना मी शिकवतो, ड्रॉइंगवर खूण असेल तिथंच मोजायचं. इथं ड्रॉइंगही माझंच होतं.

पुढचं थोडक्यात. गाठ कॅन्सरची असली तर तो बहुधा फुफ्फुसात उतरतो, म्हणून छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढले. ते स्वच्छ आहेत. डावी गाठ बोटांखाली हलते, खाली चिकटलेली नाही, हेही चांगलं. जांघेतल्या ग्रंथीत सुई घातली, त्यात काही सापडलं नाही, पण नुसत्या सुईवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही गाठी आणि ती ग्रंथी काढून तपासायला पाठवल्यावरच खरं काय ते कळेल. अशा गाठींतल्या साधारण निम्म्या वाईट निघतात. वय नऊ, म्हणून भुलीचा धोकाही त्यांनी समजावून सांगितला. मी सही केली आहे.

फॉर्म भरताना मॅडमनी एकच प्रश्न विचारला, हिची नसबंदी केव्हा केली? केली नाही, म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. त्याचा इथं काय संबंध, हे मीच विचारलं. पहिल्या माजाआधी केली तर हा आजार क्वचितच होतो, म्हणाल्या. तू अकरावीत होतीस, टिकली सहा महिन्यांची. पोलादपूरच्या शिबिरात तू तिचं नाव घातलं होतंस आणि मी ते काढायला लावलं. एक वेत झालं की कुत्री निरोगी राहते, पुस्तकात वाचलंय, असं मी सांगितलं. तू भांडली नाहीस. पप्पांनी वाचलंय म्हटल्यावर तू कधीच भांडायची नाहीस. मी ते कुठं वाचलं नव्हतं. कँटीनमध्ये कुणी तरी बोललं होतं. गुरुवारी तू येशील, मॅडमना हाच प्रश्न विचारशील आणि मग माझ्याकडे बघशील. त्याआधी हे माझ्याकडून तुला कळावं.

तुझाच,
पप्पा